गोव्याच्या पावसाळ्यात सक्युलंट का कुजतात, आणि त्यांचे वाण कसे राखावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एप्रिलमध्ये घाटावरच्या एका नर्सरीतून चौदा झाडे आणली: एकेव्हेरियाचे पाच प्रकार, दोन लिथॉप्स, दोन सेम्परव्हायवम, एक होया, एक झीझी, पिवळ्या कडेची सॅन्सेव्हिएरिया, पांढऱ्या पट्ट्यांची मॉन्स्टेरा आणि एक गोल निवडुंग. म्हापशाच्या घरी पुढच्या सोप्यावर ठेवली, पावसाचा थेंब लागू दिला नाही, पाणी पंधरा दिवसांतून एकदा दिले. तरी गणेश चवथीपर्यंत नऊ गेली. काय चुकले, आणि उरलेल्या पाचांची रोपे कशी करायची?

आधी एक गोष्ट सांगतो. तुम्ही पाणी जास्त घातले नाही. जी नऊ गेली ती पाचही एकेव्हेरिया, दोन लिथॉप्स आणि दोन सेम्परव्हायवम असणार, हे मी यादी वाचताच ओळखले. फोंड्याला मी सव्वीस वर्षे ही झाडे वाढवतो आहे आणि पहिल्या तीन पावसाळ्यांत माझीही नेमकी हीच गेली. त्यांना पावसाच्या पाण्याने मारले नाही, रात्रीच्या हवेने मारले.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे. साधे झाड दिवसा पानांवरची सूक्ष्म रंध्रे उघडते. कोरड्या प्रदेशातल्या सक्युलंटला, म्हणजे पानाखोडात पाणी साठवणाऱ्या झाडाला, ते परवडत नाही, दिवसा रंध्रे उघडली तर अंगातले पाणी उडून जाईल. म्हणून ती रात्री रंध्रे उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात, तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारे लावून उन्हात त्याची साखर करतात. क्रॅसुला कुळावरून या रीतीला नाव पडले आहे. आपल्याकडचे जेड त्याच कुळातले. या रीतीला रात्र गार लागते. मेक्सिकोच्या डोंगरात, जिथल्या बहुतेक एकेव्हेरिया, दिवस कितीही तापला तरी रात्र गार पडते. आपल्याकडे जुलैत रात्रीचे तापमान २४–२५ अंशांच्या आसपासच राहते आणि हवा पाण्याने भरलेली असते. अशा रात्री झाडाचा श्वसनावरचा खर्च वाढतो, कमाई घटते, पानांतले पाणी बाहेर पडत नाही, पेशी फुगून नाजूक होतात. मग खोडाशी बुरशी शिरायला एक ओरखडा पुरतो. वरून झाड चांगले दिसते, हात लावला की पाने गळून हातात येतात. तुमचेही असेच झाले असेल.

म्हणून झाड विकत घेताना रंगाआधी त्याचे मूळ गाव विचारा. तिथली रात्र कशी, आणि तिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो की हिवाळ्यात? युरोपातल्या डोंगरांवरची सेम्परव्हायवम आपल्याकडे जगत नाही, तिचा नाद सोडा. लिथॉप्स दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाचे. कडक उन्हाळ्यात ते झोपतात आणि त्या झोपेत त्यांना ओल सहन होत नाही. आपला एप्रिल ते सप्टेंबर हा त्यांच्यासाठी एकच लांब, ओला उन्हाळा ठरतो. मी एक लिथॉप्स चार वर्षे टिकवला, पण त्यासाठी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तो वातानुकूलित खोलीच्या खिडकीत ठेवावा लागला. तेवढी तयारी असेल तरच आणा.

उलट अडेनियम पाहा. सहाराच्या दक्षिणेचा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि अरबस्तान हे त्याचे माहेर. तिथे रात्रीही गरम आणि पाऊस उन्हाळ्यात. त्यामुळे गोव्यात अडेनियम खुशीत वाढते. फक्त मुळाशी पाणी साचू द्यायचे नाही. मादागास्करचे पॅकिपोडियम, काटेरी युफोर्बिया मिली, उष्ण आफ्रिकेतल्या सॅन्सेव्हिएरिया, पोर्टुलाकॅरिया ही सगळी आपल्याकडे वर्षभर नीट राहतात. हॉवर्थिया आणि गॅस्टेरिया सावलीत तग धरतात, जोमाने वाढतात त्या मात्र थंडीतच.

आणि एक फार देखणा गट लोक विसरतात: झाडांवर वाढणारे जंगली निवडुंग. निवडुंग म्हणजे वाळवंट, हे सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसले आहे. रिप्सॅलिस हा निवडुंगच, पण तो ब्राझीलसारख्या प्रदेशातल्या दमट रानात फांद्यांवरून लोंबतो. त्यातली रिप्सॅलिस बॅक्सिफेरा ही एक जात तर अमेरिकेबाहेर आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेतही निसर्गतः सापडते. निवडुंगांच्या एवढ्या मोठ्या कुळात हे भाग्य तिचे एकटीचे. माझ्या मागच्या पडवीत आंब्याच्या सावलीत ती लोंबते आहे, पावसाची झड खाते आणि दर वर्षी दुप्पट होते. आपण घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते एपिफायलमही याच गटातले. खरे ब्रह्मकमळ हिमालयातले, पूर्ण वेगळ्या कुळातले. पण श्रावणातल्या रात्री आपल्या अंगणात जे उमलते त्याचा मान त्यामुळे कमी होत नाही. शेजारपाजारची मुले जागी राहून ते पाहायला येतात, आणि मला ते दर वर्षी तितकेच आवडते.

आता जागा. तुम्ही सोप्यावर ठेवलीत, पण सोप्याला दोन बाजूंनी भिंत, वर कौले, पुढे पावळी. पावसाळ्यात तिथे हवा हलत नाही. मी सातव्या वर्षी यापेक्षा मोठी चूक केली. चारी बाजूंनी प्लास्टिक लावून छोटे पॉलिहाउस बांधले, पाऊस पूर्ण अडवला आणि एका जुलैत चाळीसच्या वर निवडुंग घालवले. आत थेंबही पडला नव्हता, पण सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूने पाणी ओघळत असे. दुसऱ्या वर्षी फक्त वरचे छप्पर ठेवले, चारी बाजू सोडल्या, छप्पर झाडांपासून सात-आठ फूट उंच घेतले आणि भिंतीवरचा एक साधा पंखा रात्री लावून ठेवायला सुरुवात केली. त्या पावसाळ्यात तीन झाडे गेली. एवढा फरक पंख्याने पडतो. दिवसा एक वेळ बंद असला तरी चालेल, रात्री तो चालूच हवा, कारण रंध्रे रात्रीच उघडी असतात. नैर्ऋत्येकडून येणारी झड अडवायला त्या एका बाजूला शेडनेट पुरते, प्लास्टिक नको.

मातीबद्दल मी जरा विस्ताराने लिहितो, कारण इथे विकत मिळणारे तयार ‘कॅक्टस मिक्स’ बहुतेक वेळा कोकोपीटच असते. बारीक कोकोपीट कोरड्या हवेत उत्तम, आपल्या जुलैत ते तीन आठवडे ओले राहते. कुंडीच्या तळाला खडी घातली की निचरा होतो, असेही सगळे सांगतात. तसे होत नाही. बारीक माती तिच्याखालच्या जाड खडीत पाणी सहज सोडत नाही, त्यामुळे तळाशी साचणारा ओला थर फक्त वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. खडी तळाला नको, सगळ्या मातीत मिसळलेली हवी.

माझे मिश्रण साधे आहे आणि सगळे इथलेच. चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, बांधकाम चालू असेल तिथे तासलेल्या चिऱ्याचा चुरा फुकट मिळतो. तो दोन चाळण्यांतून काढायचा: पीठ टाकून द्यायचे, मोठे खडे टाकून द्यायचे, मधले तीन ते सहा मिलिमीटरचे दाणे ठेवून पाणी नितळ होईपर्यंत धुवायचे. पीठ राहिले तर दोन महिन्यांत त्याचा चिखल होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. चिरा सच्छिद्र असतो, थोडे पाणी धरतो आणि बाकीचे सोडतो. या दाण्यांचे तीन भाग, करवंटीच्या कोळशाचे तुकडे एक भाग, जळका तूस एक भाग आणि जुने, चाळलेले गांडूळखत एक भाग. अडेनियमला खत थोडे वाढवतो, निवडुंगाला अर्धेच देतो. किनाऱ्यावरची वाळू मात्र कधीच घेऊ नका, तिच्यातले मीठ धुऊन पूर्ण जात नाही. होया, रिप्सॅलिस आणि मॉन्स्टेरासारख्यांसाठी नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करतो, आठवडाभर पाण्यात भिजत घालून पाणी दोन-तीनदा बदलतो म्हणजे तपकिरी रंग आणि क्षार निघून जातात, आणि त्यात निम्मा कोळसा व थोडे खत घालतो.

कुंड्यांचेही तसेच. मातीची कुंडी श्वास घेते हे खरे, डिचोलीच्या कुंभारांच्या कुंड्या मला मनापासून प्रिय आहेत आणि नोव्हेंबर ते मे मी त्याच वापरतो. पण हवेत नव्वद टक्के आर्द्रता असताना तिच्या अंगातूनही पाणी उडत नाही. ती हिरवी होते आणि ओल धरून बसते. पावसाळ्यापुरती बाजूंना फटी असलेली प्लास्टिकची जाळीदार कुंडी बरी.

पावसात पाणी किती द्यायचे, याला दिवसांचा हिशेब लावू नका. पंधरा दिवसांतून एकदा हा नियम पुण्यात चालेल. बांबूची बारीक काडी कुंडीच्या तळापर्यंत खोचून ठेवा, हवी तेव्हा उपसून बघा. टोक ओलसर लागले तर पाणी नाही. माझे गोल निवडुंग मिरगापासून चवथीपर्यंत दोन-तीनदाच पाणी पितात, काही वर्षी एकदाही नाही.

खोडाला मऊ डाग दिसला तर थांबू नका. ‘उद्या बघू’ म्हटलेले झाड मी एकही वाचवलेले नाही. धार लावलेली सुरी स्पिरिटने पुसा आणि निरोगी भागापर्यंत काप घ्या. कापावर एकही तपकिरी ठिपका राहता कामा नये, आणि दर कापाला सुरी पुन्हा पुसा. मग तो तुकडा पंख्याखाली उलटा ठेवून वाळवा. बुरशीविरुद्ध पावसाआधी मी कुळागरातलाच, म्हणजे पोफळीच्या बागेतलाच, उपाय करतो. पोफळीला जो कोळेरोग होतो तो फायटोप्थोराचा, आणि आपल्या कुंड्यांत खोड कुजवणाऱ्यांतही तीच मंडळी असतात. त्यावर बागायतदार मारतात तेच एक टक्का बोर्डो मिश्रण: एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना, दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र ओतायचे. तयार झाल्यावर लोखंडी सुरीचे पाते थोडा वेळ बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. नाहीतर झाड जळेल. ज्या पानांवर पांढरी मेणचट लव असते त्यांवर मात्र हे मारू नका, डाग कायमचे राहतात.

आता तुमच्या पाच झाडांकडे येतो. आमच्याकडे भाताचे बी राखतात, मिरचीचे राखतात, त्याला वाण राखणे म्हणतात. छंदाच्या झाडांनाही मी तोच नियम लावतो. झाड आवडले की सगळ्यात आधी त्याचे दुसरे रोप करायचे, आणि शक्यतो ते दुसऱ्याच्या घरी ठेवायचे. त्यासाठी गोव्यात वर्षाचे दोन भाग पडतात. पावसाच्या रानातून आलेली झाडे मिरगापासून दसऱ्यापर्यंत फोडायची, कोरड्या प्रदेशातली दिवाळीपासून शिगम्यापर्यंत. याची अदलाबदल झाली की मुळे फुटण्याआधी तुकडा कुजतो किंवा सुकतो.

मॉन्स्टेरापासून सुरुवात करा, कारण तिच्यासाठी तुमच्याकडे आता दोन-तीन आठवडेच आहेत. पांढऱ्या पट्ट्यांच्या मॉन्स्टेरात हिरव्या आणि पांढऱ्या पेशी शेजारी शेजारी असतात, आणि नवा फुटवा कोणत्या पेशींतून येतो त्यावर त्याचा रंग ठरतो. म्हणून पान बघून पेरे निवडू नका, खोड बघा. पेऱ्यावरचा डोळा जिथे आहे तिथूनच पांढरी रेघ जात असेल तर नवे पानही पट्ट्यांचे येण्याची आशा. डोळा पूर्ण हिरव्या बाजूला असेल तर रोप हिरवे होईल, पूर्ण पांढऱ्या बाजूला असेल तर ते अन्न तयार करू शकणार नाही आणि उपाशी मरेल. कापण्याऐवजी गुटी कलम बांधा. आंब्या-पेरूच्या गुटीसारखी साल काढायची गरज नाही. पेऱ्यावरच्या हवाई मुळाभोवती ओला स्फॅग्नम शेवाळ किंवा धुतलेला काथ्या मूठभर गुंडाळा, वरून पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. तीन-चार आठवड्यांत मुळे प्लास्टिकमधून दिसू लागतात. मग त्यांच्या खाली कापा. तोपर्यंत आईचेच पाणी मिळत असल्याने कुजण्याची भीती राहत नाही. हातमोजे घाला, अळवाने हात खाजतात ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया टोचल्याने, आणि मॉन्स्टेरा अळवाच्याच कुळातली. अलोकेशिया कधी आणलीत तर तीही अशीच ओळखीची वाटेल. अळवाच्या माडीसारखे बारीक गड्डे तिच्या मुळाशी सापडतात. वरचे तपकिरी साल सोलून ओल्या शेवाळावर झाकणाच्या डब्यात ठेवले की पावसाळ्यात ते महिनाभरात फुटतात.

होयाही आत्ताच करा. दोन पेऱ्यांचा तुकडा घ्या, चीक निघेल, कोमट पाण्यात थांबेपर्यंत धरा, खालचे पेरे ओल्या काथ्यात आडवे पुरा. फुलांचा जुना देठ कधी तोडू नका. होया त्याच देठावर वर्षानुवर्षे पुन्हा फुलते. बाजारात हृदयाच्या आकाराचे एकच पान छोट्या कुंडीत खोचून विकतात, ते होया केरीचे असते. त्या पानाला खोडाचा डोळा नसेल तर ते वर्षानुवर्षे हिरवे राहते आणि तेवढेच राहते, वेल कधी होत नाही. पैसे देण्याआधी पानाच्या देठाशी खोडाचा तुकडा आहे का ते बघा.

सॅन्सेव्हिएरियाबद्दल एक इशारा. पान कापून सात-आठ सेंटिमीटरचे तुकडे लावले तर रोपे नक्की येतात, तुकड्याची खालची बाजू खाली राहील एवढे पाहायचे. मी खालच्या कडेला छोटी खाच देतो म्हणजे चुकत नाही. पण तुमची पिवळ्या कडेची आहे. पानाच्या तुकड्यातून येणाऱ्या रोपाला ती कड राहत नाही, ते साधे हिरवे होते. कड हवी असेल तर जमिनीखालचा कंद कोंबासकट तोडूनच फोड करा. हे दिवाळीनंतर. वनस्पतिशास्त्रज्ञ सॅन्सेव्हिएरियाला आता ड्रासीनात धरतात, त्यामुळे नर्सरीच्या चिठ्ठीवर दोन्ही नावे दिसतील, झाड तेच. आपली मूर्वाही त्याच गोतातली.

झीझीला फक्त धीर लागतो. पर्णिका देठाजवळून तोडा, दोन दिवस सुकवा, चिऱ्याच्या दाण्यांत अर्धा सेंटिमीटर खोचा आणि विसरून जा. दोन-तीन महिन्यांनी खाली वाटाण्याएवढा कंद धरतो, वर कोंब यायला कधी सहा महिने, कधी वर्ष लागते. पान पिवळे पडले म्हणून उपटून फेकू नका. कंद खाली जिवंत असतो.

गोल निवडुंगासाठी मात्र मी तुम्हाला कलम शिकायचा आग्रह करीन. मानकुरादसारखे आंबे पिढ्यान्‌पिढ्या कलमांनी राखणाऱ्या आपल्या मुलखात हे काम परके वाटू नये. मुद्दा असा, की गोल निवडुंग पावसात कुजतो तो मुळाशी आणि बुंध्याशी. त्याला बुंधाच दुसऱ्याचा दिला, आणि तो दुसरा ओल सोसणारा असला, तर निम्मे संकट टळते. असा बुंधा म्हणजे ड्रॅगनफ्रूट. तो जंगलातला, झाडांवर चढणारा निवडुंग. आपल्या पावसात तो आनंदाने वाढतो आणि आता गोव्यात बऱ्याच बागायतींत आहे, छाटलेल्या फांद्या कोणीही देईल. वीतभर फांदी आठवडाभर सुकवून ऑक्टोबरात लावा, डिसेंबरपर्यंत मुळे धरतील. मग कोरडी सकाळ बघून, पुसलेल्या पातळ ब्लेडने तिचा शेंडा सपाट कापा. कापावर मधोमध एक फिकट वर्तुळ दिसेल, ते अन्नपाण्याच्या नळ्यांचे. तिन्ही कडा तिरक्या तासा, नाहीतर कापाचा मधला भाग सुकून खोल जातो आणि वरचा तुकडा सुटतो. निवडुंगाचे पिल्लू बुडाशी सपाट कापा, त्यालाही तसेच वर्तुळ असते. दोन वर्तुळे कुठेतरी एकमेकांना छेदली पाहिजेत. पिल्लू बारीक असेल तर ते मधोमध ठेवण्याचा मोह होतो आणि तिथेच कलम फसते, कारण लहान वर्तुळ मोठ्याच्या आत राहते, त्याला कुठेच शिवत नाही. थोडे बाजूला सरकवा. हलके दाबून हवा काढा, दोन रबरबँड कुंडीखालून वर घ्या आणि आठ-दहा दिवस सावलीत, पाणी न देता ठेवा. रबर काढल्यावर पिल्लू ताठ आणि चकचकीत राहिले तर जमले. माझी पहिल्या वर्षी दहातली तीन जमली, आता नऊ जमतात. हात बसायला एक हिवाळा लागतो. ड्रॅगनफ्रूटचा बुंधा काही वर्षांनी थकतो, म्हणून दर तीन वर्षांनी नवे पिल्लू नव्या बुंध्यावर चढवायचे.

चाफ्याची फांदी लावताना आपल्या घरी ती आठवडाभर भिंतीला टेकवून सुकवतात, हे तुम्ही पाहिले असेल. चीक आणि रस असलेल्या प्रत्येक तुकड्याला हाच नियम आहे. युफोर्बिया, पोर्टुलाकॅरिया, जेड, निवडुंग, ब्रह्मकमळ, सगळ्यांना. काप कोरडा आणि टणक झाल्याशिवाय मातीत नाही. युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो, मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नका.

गेलेल्या नऊंच्या जागी काय आणावे असे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो: अडेनियम, आणि तेही बियांपासून. फांदी लावून झाड होते, पण त्याचे बूड बियांच्या रोपासारखे गलेलठ्ठ होत नाही. शेंगा बैलाच्या शिंगांसारख्या जोडीने येतात. तडकण्याआधी त्यांना मलमलीची चिंधी बांधा, नाहीतर दोन्ही टोकांना केस असलेले बी वाऱ्यावर उडून जाते. बी ताजे असेल तर चार ते सात दिवसांत उगवते. जुने बी निम्मेही उगवत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरा म्हणजे मिरगाला रोप तीन महिन्यांचे, बोटाएवढे बूड धरलेले असते आणि छपराखाली पावसाळा काढते. जूनमध्ये पेरलेले माझे एकही वाफ्यातून पुढे गेलेले नाही. दर कुंडीबदलाला मुळांचा वरचा भाग दोन सेंटिमीटर मातीबाहेर उचलत राहा.

एक विनंती आहे, आणि ती मी कळकळीने करतो. पावसात आपल्या सड्यांवर, कातळांवर जे फुलते, दवबिंदू, सीतेची आसवे, कंदीलपुष्पाच्या वेली, ते पाहून घरी आणावेसे वाटते. आणू नका. कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती सह्याद्रीच्या ठरावीक टापूंतच आहेत. एक कंद उपटला तर त्या कातळावरचा तेवढा वंश संपतो, आणि कुंडीत तो बहुधा जगतही नाही. कंदीलपुष्पाची हौस असेल तर दक्षिण आफ्रिकेतली सेरोपेजिया वुडी नर्सरीत मिळते. तिच्या वेलीवर मण्यांसारखे कंद धरतात, एकेक कंद मातीवर ठेवला की रोप तयार.

किडींचे थोडक्यात. पिठ्या ढेकूण दिसला की आधी मुंग्या शोधा, त्याच त्याला पानोपानी नेऊन सोडतात. कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून एकेक पुसा, आठवड्याने पुन्हा. झाड कारण नसताना थांबले तर कुंडी उलटून मुळे बघा, पांढरी कीड तिथेही असते. पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकन गोगलगाई एका रात्रीत होया फस्त करतात. रात्री टॉर्च घेऊन वेचण्याला पर्याय मला सापडलेला नाही.

या आठवड्यात मॉन्स्टेराला गुटी बांधा आणि होयाचे तुकडे लावा. बाकीच्या तिघांना आता हात लावू नका. पाऊस उघडला की त्यांना एकदम उन्हात ढकलू नका. चार महिने अंधुक सोप्यावर राहिलेले पान ऑक्टोबरच्या उन्हात एका दुपारी भाजते आणि तो पांढरा डाग जात नाही. पहिला आठवडा सकाळचा एक तास, दुसरा आठवडा दोन तास, दिवाळीपर्यंत पूर्ण सकाळ. निवडुंगाला पिल्ले असतील तर त्यांचा फोटो आणि मोजमाप पाठवा, बुंधा किती जाड घ्यायचा ते सांगतो. आणि मॉन्स्टेराची गुटी उतरली की ते रोप घरात ठेवू नका, शेजारच्या वहिनींना द्या. माझ्याकडची सर्वात जुनी रिप्सॅलिस २०१९ च्या पावसात छप्पर कोसळून गेली होती. आज जी लोंबते आहे ती साखळी गावच्या एका काकींना मी पूर्वी दिलेल्या फांदीची फांदी आहे.